आष्टीला गेलेलं दुसरं पत्र

मोठ्यानं न केलेली प्रार्थना देवाला ऐकू जाते का, ही शंका मला सहा वर्षं होती. आमच्या चर्चच्या मंडळीत बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थना असते. एकेक जण आळीपाळीनं डोळे मिटून बोलते. माझी पाळी आली की शेजारची बाई दोन क्षण थांबते आणि आपणच सुरू करते, कारण मी बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. चार माणसांसमोर माझा आवाज गळ्यातच राहतो. लहानपणापासून तसंच आहे. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझी छाती धडधडायची. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. मनात मात्र मी खूप बोलते. भाकरी थापताना बोलते, अंगण झाडताना बोलते. देवाशी माझं सगळं बोलणं असंच चालायचं.

पण सहा वर्षांपूर्वी एकदा एकच शब्द मोठ्यानं बोलायचा होता आणि तो मी बोलले नाही.

माझी माय शेवटी शेवटी हिंगणघाटला माझ्याजवळच होती. ती गेली तेव्हा माझी धाकटी बहीण शालू आष्टीहून निघाली. शालूला मीच कडेवर घेऊन वाढवलेलं. ती मला 'बाई' म्हणते, आमच्याकडे मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. दुपारी तिचा फोन आला. आर्वी यायच्या आधीच गाडी बंद पडली होती, दुसरी मागून येत होती. रडत रडत म्हणाली, "मायले थांबवून ठेवजो बाई, मी येऊन राह्यली." मी हो म्हटलं. मग अंगणात जमलेली माणसं म्हणू लागली की उजेड चालला, आता उचला. माझे मालक कबरस्तानात खड्ड्याजवळ होते. अंगणात सगळी वडीलधारी, बाहेरगावची, पागोटी-टोप्या घातलेली माणसं. मला फक्त 'थांबा' म्हणायचं होतं. फोन माझ्या हातात होता. मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले आणि ते मायला घेऊन गेले. शालू पोचली तेव्हा माती देऊन झाली होती. तिनं मला एकच विचारलं, "तू सांगतलं नाई त्यांना?" मी खाली पाहिलं. ती त्याच पावली परत गेली. भांडण नाही, शिवी नाही. पण त्यानंतर तिनं माझा फोन उचलला नाही, आणि मी तरी उचलल्यावर काय बोलणार होते?

आता आमच्या मंडळीच्या एका रीतीबद्दल सांगते, कारण सगळं त्यातूनच झालं.

आमचे पाळकसाहेब म्हातारे आहेत. फार वर्षांपूर्वी त्यांनी आष्टीच्या मंडळीशी एक रीत ठरवली. उपकारस्तुतीच्या, म्हणजे सुगीबद्दल देवाचे आभार मानायच्या सणाला आमच्या मंडळीचं पत्र आष्टीला जातं आणि आष्टीचं पत्र आमच्याकडे येतं. पोस्टानं पाठवायचं नाही, माणसाच्या हाती पाठवायचं. पाकीट फोडायचं ते सगळ्यांसमोरच, आणि सगळ्यांनी ते पहिल्यांदा एकदमच ऐकायचं. बायबलातल्या पौलानं कलस्सै गावच्या लोकांना लिहिलं होतं ना, की हे पत्र वाचून झालं की लावदिकीयाला द्या आणि त्यांचं तुम्ही घेऊन वाचा, त्यावरून ही रीत. सण जवळ आला की पाळकसाहेब महिनाभर त्या जुन्या पत्रांवरच बोलतात. कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, कोणाच्या हाती दिलं.

माझं अज्ञान इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. लग्न होईपर्यंत मला वाटायचं की पौलाची पत्रं ज्यांच्या नावानं आहेत ते रोमकर, करिंथकर, इफिसकर ही आडनावं आहेत. पौलाच्या ओळखीची ही घराणी असावीत आणि करिंथकरांकडे भानगडी जास्त असाव्यात, म्हणून त्यांना दोन पत्रं. मी हे एकदा मालकांना सांगितलं तर ते खाटेवरून उठून बसले आणि पोट धरून हसले. अजूनही घरात कोणाचं भांडण निघालं की म्हणतात, "आले करिंथकर."

पाळकसाहेबांकडून मला कळलं की ती त्या त्या गावच्या मंडळीला लिहिलेली खरोखरची पत्रं होती. रोमचं मोठं पत्र पौलानं तोंडानं सांगितलं आणि तर्तिय नावाच्या माणसानं लिहून घेतलं. त्या तर्तियानं शेवटी हळूच आपलाही सलाम घातला आहे. ते पत्र नेणारी फिबी नावाची बाई होती असं समजतात. एका पत्राच्या शेवटी पौलानं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि म्हटलं की बघा, माझं अक्षर केवढं मोठं आहे. इब्री लोकांच्या पत्राचा तर लिहिणाराच कोणाला माहीत नाही. एवढं मोठं पत्र, आणि खाली नाव नाही. इफिसच्या पत्राची गोष्ट मला सगळ्यांत आवडली. फार जुन्या काही प्रतींमध्ये गावाच्या नावाची जागा मोकळीच आहे म्हणे. पाळकसाहेब म्हणाले, "कदाचित ते पत्र गावोगाव फिरत असेल. जिथे वाचायचं त्या गावाचं नाव वाचणाऱ्यानं घालायचं." मला ते ऐकून वाटलं, किती बरं आहे हे. नाव न घेता लिहिता येतं.

या दोन वर्षांत पाळकसाहेबांचा हात कापू लागला. मागच्या साली पत्र कॉम्प्युटरवर छापून पाठवलं. आष्टीला पत्र वाचतात ते तिथल्या मंडळीतले एक पुढारी, निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांची नजर अधू झालेली, त्यांना ते बारीक अक्षर लागेना, आणि त्यांनी निरोप पाठवला की पुढच्या साली मुंग्या पाठवू नका, अक्षरं पाठवा. मग पाळकसाहेब कोणाचं अक्षर मोठं आहे ते पाहू लागले. चर्चच्या स्वयंपाकघरात प्रीतिभोजनाचे डबे असतात. मागे कोणीतरी खिरीत मीठ घातलं होतं, तेव्हापासून मी त्या डब्यांवर मोठ्या अक्षरात 'साखर' आणि 'मीठ' लिहून ठेवलं होतं. पाळकसाहेब त्या डब्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे कोणी लिहिलं?" मी भांडी घासत होते. बायकांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हणाले, "मले नाई जमत साहेब, मी चौथी शिकली." ते म्हणाले, "तुम्हाला मनानं काही लिहायचं नाहीच. सांगणार मी. तुम्ही आमच्या तर्तिय."

दोन दिवस दुपारी त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. माझ्या शाळेतल्या वळणाची गोल अक्षरं, ओळ सोडून. पहिल्या पानावर त्यांनी सांगितलं की नावाची जागा मोकळी सोडा, गुरुजींना भरू दे, त्यांना गंमत वाटेल. म्हणून पहिलं पान असं झालं: आधी रिकामी जागा, मग 'येथील बंधुभगिनींना कृपा व शांती', मग तुमची आठवण करून देवाचे उपकार मानतो वगैरे. लिहिताना माझ्या मनात एकच चाललं होतं. हे आष्टीला जाणार. तिसऱ्या नाहीतर चौथ्या बाकावर शालू बसलेली असणार. माझ्या हातची अक्षरं तिच्या कानी जाणार आणि तिला ते कळणार नाही.

पत्र पूर्ण झालं त्या दिवशी मी घरी आले, चूल पेटवायच्या आधी त्याच वहीचे कागद घेतले आणि बसले. मला तिला लिहायचं होतं. पण पत्राची सुरुवात कशी करतात ते मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तेच पहिलं पान मी जसंच्या तसं पुन्हा लिहिलं. 'शालू' लिहायला गेले तर हात थांबला. तिथे मी जागा मोकळीच सोडली. मग दुसऱ्या पानापासून माझं मी लिहिलं. चार पानं झाली. खाली नाव घातलं नाही. मार्थाबाईंच्या हाती गुपचूप द्यावं असं मनात होतं. मार्थाबाई म्हणजे आमच्या मंडळीतल्या निवृत्त नर्स, या साली पत्र नेणार होत्या. पण त्यांना सांगायचं म्हणजे सगळं सांगावं लागलं असतं. दोन्ही पत्रं घडी करून मी पिशवीत गीतांच्या पुस्तकात ठेवली.

शुक्रवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी पत्र मागितलं. मी घडी काढून दिली. त्यांनी पहिलं पान उघडलं, लांब धरून पाहिलं, म्हणाले, "वा, गुरुजी खूश होतील," आणि घडी पाकिटात घालून कणकेच्या खळीनं चिकटवून टाकलं. शनिवारी मार्थाबाई आष्टीला गेल्या. रविवारी सकाळी गीतांचं पुस्तक काढलं, तर त्यात पाळकसाहेबांचं पत्र.

मी सगळं पुस्तक झटकलं, दुसरं काही पडलं नाही. मालक जिनिंग फॅक्टरीत कामाला जायला निघाले होते. कापसाचे दिवस, त्यांना रविवारही सुटत नाही. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि विचारलं. मी कसंबसं सांगितलं. ते म्हणाले, "पत्रच तं गेलं न, गाय तं नाई सुटून गेली!"

"माहं गेलं," मी म्हटलं. "शालूले लिवलेलं. साऱ्या चर्चसमोर वाचतीन ते."

मग ते हसले नाहीत. म्हणाले, "काय लिवलं होतं?"

"सारं."

त्यांनी मार्थाबाईंना फोन लावला. बंद होता. त्या सणासुदीला उपासना आटपेपर्यंत फोन उघडत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. पाळकसाहेब पहाटेच दुसऱ्या गावी उपासनेला गेले होते. शालू उचलणार नव्हती, आणि आष्टीतल्या दुसऱ्या कोणाचा नंबर आमच्याकडे नव्हता. आष्टीला उपासना अकराला. मालक म्हणाले, "आता निघ. वर्धा, मंग आर्वी, मंग आष्टी. दहा-साडेदहाले पोचशीन." मी लग्नानंतर एकटी वर्ध्याच्या पुढे गेले नव्हते. पण घरी बसून अकरा वाजायची वाट पाहणं मला त्याहून कठीण होतं. पाळकसाहेबांचं पत्र छातीशी धरलं आणि निघाले. सगळ्या रस्त्याभर एकच प्रार्थना केली. देवा, गाडी वेळेवर पोचू दे. वाचायच्या आधी पोचू दे. ते पत्र उघडू देऊ नको.

वर्ध्यापर्यंत गाडी छान गेली. आर्वीची गाडीही उभीच होती. मला वाटलं, ऐकतो बरं देव. आर्वी मागे पडली, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा सुरू झाल्या आणि गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. ड्रायव्हर उतरला, खाली वाकून आला आणि म्हणाला, "उतरा बाप्पा सारे, आता हिचं काई खरं नाई." साडेनऊ होऊन गेले होते. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. शालूची गाडीही याच रस्त्याला कुठेतरी बंद पडली होती. तीही अशीच उभी राहिली असेल, हातात फोन घेऊन. माझ्या मनात ते सहा वर्षांत एकदाही आलं नव्हतं. माझ्या मनात नेहमी अंगणच यायचं, अंगणात उभी मी. रस्त्यावर उभी ती मी कधी पाहिलीच नव्हती.

बाकीची माणसं हात दाखवून दाखवून निघून गेली. मला हात दाखवायचाही धीर होईना. तेवढ्यात संत्र्याचे क्रेट भरलेली एक पिकअप आपणहून माझ्यासमोर थांबली. पुढे एक म्हातारी बसली होती, कपाळाला मोठं कुंकू, आणि गाडी चालवणारा तिचा मुलगा.

"काऊन वं, एकटीच कुठी जाऊन राह्यली?" म्हातारीनं विचारलं.

"आष्टीले."

"मंग ये न वर. मी काय खाऊन टाकतो तुले?"

मी तिच्याशेजारी चढले. तिनं लगेच संत्रं सोलायला घेतलं आणि चौकशी सुरू केली. कोणाकडे, कशाला, सोयरीक का लग्न. मी म्हटलं, "चर्चमधी. पत्र द्याचं हाय."

"पत्र? पोस्टवाले झोपले काय बाप्पा?"

मला त्या घोरातही हसू आलं. मी सांगितलं की चुकीचं पत्र गेलं, बरोबरचं घेऊन चालले आहे. तिनं विचारलं चुकीच्यात काय होतं. आणि काय झालं मला कळत नाही, मी तिला सगळं सांगितलं. माय, अंगण, फोन, शालू. जे मी मालकांनाही सहा वर्षं सांगितलं नव्हतं, ते त्या अनोळखी म्हातारीला संत्र्याच्या फोडी खात सांगितलं. माझा आवाज इंजिनाच्या वर निघत होता. ती मध्ये बोलली नाही. सगळं झाल्यावर सालं खिडकीतून टाकत म्हणाली, "मंग बरोबरचं कोणतं वं? मले तं पहिलंच बरोबर वाटून राह्यलं."

 मुलानं गाडी एका बागेत वळवली. "दोनच क्रेट घ्याचे हाय काकू, पाच मिनिटं." दोनाचे बारा झाले. पाच मिनिटांत अर्धा तास गेला, मग अजून थोडा. मी म्हातारीला म्हटलं, "आजी, उशीर होते वं." ती म्हणाली, "होऊ दे न. पत्र काय पाखरू हाय उडून जाले?" मी त्या बागेत बसून एकदा डोळे मिटले. सकाळपासून वेळेवर पोचू दे, वेळेवर पोचू दे म्हणून मी देवाचा पदर ओढत होते. माझे हात दुखून आल्यासारखे झाले होते. मी म्हटलं, तुझं तू पाहा. मग मला जरा हलकं वाटलं. क्रेट चढवणाऱ्या माणसांच्या थट्टाही ऐकू येऊ लागल्या.

त्यांनी मला चर्चच्या दारासमोरच सोडलं. म्हातारीनं माझ्या ओच्यात चार संत्री टाकली आणि पिकअप गेली. तिचं नाव मी विचारलं नाही, तिनं माझं विचारलं नाही.

आष्टीचं चर्च म्हणजे एक लांब खोली. बाहेर चपलांचा ढीग. आत गुरुजींचा आवाज चालला होता. मोठा, पोटातून, एक शब्द न अडखळता. त्यांना मोठं अक्षर मिळालं होतं ना. मी दारात पोचले तेव्हा ते वाचत होते:

"तुझी गाडी बंद पडली हे मला एकटीला माहीत होतं. फोन माझ्या हातात होता. मला फक्त थांबा म्हणायचं होतं. माझं तोंड उघडलं नाही. त्या माणसांनी वाट पाहिली नाही असं तुला वाटलं असेल. त्यांना ठाऊकच नव्हतं. वाट मी पाहिली नाही."

कोणी हलत नव्हतं. समोर टेबलावर उपकारस्तुतीची रास होती, कापूस, ज्वारीची कणसं, भोपळे, संत्री, आणि त्यामागे गुरुजी पान डोळ्यांजवळ धरून. चौथ्या बाकावर मला शालूची पाठ दिसली. केस पिकले होते थोडे. मला पळून जावंसं वाटलं, पण ओच्यात संत्री होती आणि पळालं की ती सांडली असती.

"शेवटचे तीन दिवस माय मला तुझ्या नावानं हाक मारत होती," गुरुजी वाचत होते. "मी हो म्हणायचे. तिनं विचारलं, आली का तू? मी म्हटलं, आली माय. म्हणजे तिच्या लेखी तू होतीस तिथे. हे तुला सांगायचं राहिलं. तिचं हिरवं लुगडं तुझं आहे. दर उन्हाळ्यात मी त्याला ऊन दाखवते."

गुरुजी थांबले, चष्मा पुसला. कागद उलटा करून पाहिला. म्हणाले, "पत्र संपलं. खाली नाव नाही. हे पाळकसाहेबांचं दिसत नाही. कोणी लिहिलं?" आणि मार्थाबाईंकडे पाहिलं.

मार्थाबाई गडबडल्या. "मले काय मालूम गुरुजी, मी तं फक्त आणून राह्यली! पाकीट तं तुमीच फोडलं!"

"आणि कोणाला लिहिलं?" गुरुजी म्हणाले. "वर मी आष्टी घालून वाचलं, जागा मोकळी होती म्हणून."

मागच्या भिंतीशी बसलेला एक म्हातारा शेतकरी उपरण्यानं डोळे पुसत म्हणाला, "लिवलं बाईले हाय गुरुजी, पण लागलं मले." पुढून एक बाई म्हणाली, "मले वाटलं माह्या जावेनं लिवलं." तिची जाऊ बाजूलाच होती. ती म्हणाली, "मी काऊन लिवतो? पण लिवायले पाह्यजे होतं, हे खरं." लोक हसले, रडता रडता हसले. मग गुरुजींनी पुन्हा विचारलं, "कोणी लिहिलं मग?"

माझा पदर पुन्हा तोंडाशी आला होता. तेच अंगण, तीच माणसं, तोच पदर. मी पदर सोडला.

"मी लिवलं," मी म्हणाले. "शालूले."

सगळी खोली माझ्याकडे वळली. एक शालू तेवढी वळली नाही. ती खाली मान घालून बसली होती, खांदे हलत होते.  मग ती न वळताच बाकावर सरकली, शेजारी जागा केली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मंग दारात काऊन उभी राह्यली? ये न बाई, बस."

मी जाऊन बसले. ओच्यातली संत्री दोघींच्या मध्ये ठेवली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी पाळकसाहेबांचं पत्र गुरुजींकडे पोचतं केलं आणि तेही वाचलं गेलं. सुंदर होतं, पण खरं सांगते, कोणाचं लक्ष नव्हतं. त्या दोघी जावा एकमेकींना सोडून दुसरीकडे पाहतच नव्हत्या.

जेवताना शालूनं मला भरपूर ऐकवलं. सहा वर्षांचं साठलेलं होतं. "एवढं तोंडानं बोलता येत नाई तं चिठ्ठी पहिलेच नाई लिवता आली तुले? साऱ्या आष्टीले सांगतलं तवा मले सांगतलं!" मी खाली मान घालून ऐकलं आणि मला ते गोड लागलं. मग एकदम थांबून तिनं विचारलं, "माय खरंच म्हणे, आली का तू?" मी म्हटलं, "तीनदा म्हणे." तिनं तिच्या ताटातली पोळी माझ्या ताटात घातली.

गुरुजींनी ते पत्र परत दिलं नाही. मंडळीच्या पेटीत ठेवतो म्हणाले, जुनी पत्रं असतात तिथे. माझ्यासमोर पेन ठेवलं, खाली नाव घालून द्या म्हणाले. मी जरा विचार केला आणि नको म्हटलं. वरची जागाही मोकळीच राहू द्या म्हटलं. हिंगणघाटला परत आल्यावर मी पाळकसाहेबांना घाबरत घाबरत सांगितलं, तर ते इतके हसले की त्यांचा कापरा हात टेबलावर वाजू लागला. मग शांत होऊन म्हणाले, "मी सांगितलेलं पत्र तुम्ही नीट लिहून घेतलं. दुसरं ज्यानं कोणी सांगितलं असेल, तेही नीट लिहून घेतलं." मी त्यावर अजून विचार करते. चार पानं मी चूल पेटवायच्या आधी न थांबता लिहिली होती, मी, जिला वाण्याची यादी लिहायलाही वेळ लागतो. ते कोणी सांगितलं, यावर मला कोणाशी वाद घालायचा नाही. तर्तियानं सलाम घातला, तेवढाच मीही घालते.

त्या दिवशी संध्याकाळी शालू मला आष्टीच्या स्टँडवर सोडायला आली. आर्वीची गाडी लागली नव्हती. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला की उशीर आहे, किती ते सांगता येत नाही. मी शालूला म्हटलं, "तू जा वं घरी, पाहुणे असतीन तुह्याकडे. मी बसतो." ती म्हणाली, "मी थांबतो." अर्धा तास झाला, तास झाला. सगळ्या गाड्या आल्या, एक आमची आली नाही. मी पुन्हा म्हटलं, जा. ती म्हणाली, "थांबतो म्हटलं न," आणि उरलेलं शेवटचं संत्रं सोलून अर्धं मला दिलं. गाडी दीड तास उशिरा आली. मी खिडकीशी बसले, गाडी वळेपर्यंत ती खाली उभी होती.

आता बुधवारी माझी पाळी आली की मी मोठ्यानं प्रार्थना करते. लहानशीच असते, दोन-तीन वाक्यं, आणि आवाज अजून कापतो. शेजारची बाई अजूनही सवयीनं आधी सुरू करते, मग थांबते. मोठ्यानं काय मागावं हे मला फारसं कळत नाही, म्हणून मी बहुतेक उपकारच मानते. मायबद्दल मानते, शालूबद्दल, त्या म्हातारीबद्दल, संत्र्याच्या त्या बारा क्रेटबद्दल. त्या रविवारी सकाळी मी देवाजवळ एकच गोष्ट मागितली होती, की गाडी वेळेवर पोचू दे. ती त्यानं मला दिली नाही. त्याचेही उपकार मानते.